इस्साखाराची चिठ्ठी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी समता कॉलोनीतल्या माझ्या घरी वरणाला फोडणी देत होते. "ताई, हे गेले," वहिनी एवढंच म्हणाल्या. फोडणी जळली. मी गॅस बंद केला आणि उभ्याउभ्याच रागावले... न सांगता जायची ही काय पद्धत झाली! मी तशीच आहे, दुःख झालं की आधी चिडते.

दादा, म्हणजे सुधाकर, रेल्वेतून निवृत्त झालेला माझा मोठा भाऊ. रायपूरच्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत कापणीच्या सणाला एक रीत आहे. घरांचे बारा गट करायचे, बायबलातल्या याकोबाच्या बारा मुलांच्या नावांच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, ज्याला जे नाव निघेल त्याचं ते काम. यहूदाला गाणी, आशेराला स्वयंपाक. इस्साखार, याकोबाची बायको लेआ हिचा पाचवा मुलगा, कोणालाच नको. बापानं आशीर्वाद देतानाही त्याला बळकट गाढव म्हटलं, म्हणून त्याच्या गटानं बाकं वाहायची, पाणी भरायचं, शेवटी स्वयंपाकाचे मोठाले गंज घासायचे.

डबा दादाकडे असे. सगळ्यांची झाली की शेवटची चिठ्ठी तो काढे, आणि दर वर्षी इस्साखार! मी चारचौघांत हसायचे. "दादा, तुझं नशीबच गाढवाचं रे."

तो खांद्यावर दुपट्टा टाकून म्हणे, "हव बाई. धर मंग बाकाचं दुसरं टोक." मी कशाला धरते? माझी साडी नवी असायची.

एकदा म्हणाला, "याच इस्साखाराच्या वंशातले लोक पुढं दावीद राजाकडे गेले. केव्हा काय करावं, ते त्यायले समजे. ओझं वाहणाऱ्यालेच समजते ते."

"पुरे तुझं प्रवचन," मी म्हटलं. पण माझे यजमान गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, जो तो मला बायबलातली वचनं ऐकवत होता, आणि चहा ठेवायला गॅस नव्हता. दादा सिलेंडर खांद्यावर घेऊन आला, लावून दिला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं... नाही कळलं.

गेल्या रविवारी यंदाच्या चिठ्ठ्या काढल्या. शेवटी दादाच्या जागी माझा हात डब्यात गेला आणि रिकामा बाहेर आला. मोजल्या तर अकराच! पोरं म्हणाली, "छोडो ना बुआ, मजदूर बुला लेंगे." वहिनींनी पर्समधून दादाच्या चष्म्याची डबी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"बारावी यात आहे, ताई. डब्यात ती कधी नव्हतीच."

चष्म्याखाली झिजलेला पुठ्ठा, त्यावर 'इस्साखार', अक्षर त्याचंच. म्हणजे दर वर्षी तळहातात लपवून... लबाड कुठला! इतकी वर्षं मी ज्या नशिबाला हसले, ते तो घरून खिशात घालून आणत होता. मी सगळ्यांदेखत रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

डबी आता माझ्याकडे असते, चिठ्ठी तिच्यातच आहे. काल सणाच्या सकाळी मी पदर खोचला आणि पहिल्या बाकाचं एक टोक धरलं. दादाची मुलगी नवी साडी नेसून बाजूला उभी होती.

"काय पाहून राहिली वं?" मी म्हटलं. "धर दुसरं टोक."