रास अल खैमातली निवडणूक कॅसेट

"सुमे, शुक्रवारी टेपरेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट घेऊन ये." दादाचा फोन आला तेव्हा मी दुबईत अल मनखूलच्या घरी भजी तळत होते. ही गोष्ट अठ्ठ्याण्णवची. दत्तादादा तेव्हा रास अल खैमात टाइल्सच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याआधी मुंबईत बॉक्सिंग केलेलं. रिंगमध्ये आपण एकदाही आडवे पडलो नाही, हे दर भेटीत ऐकवायचा. आता त्याला आमच्या राजापूरकडच्या गावात ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. ओढा ओलांडायला साकव नाही, पावसाळ्यात पोरांची शाळा बुडते, म्हणून. नोकरी सोडायची, व्हिसा कॅन्सल करायचा आणि हरला तर दोन्हीकडून खलास!

मला लायसन्स मिळून महिना झालेला, तेही चौथ्या फेरीत, त्यामुळे रस्ता मला विचारा. शुक्रवारी सकाळी सातला निघा, शारजा रिकामं मिळतं. तिथेच रोल्ला भागात पराठा-चहा घ्या. आम्हा मायलेकींचे पाच दिरहाम झाले, म्हणजे पन्नासेक रुपये. उम्म अल क्वैन सुटलं की उंटांकडे लक्ष ठेवा, ते हॉर्नला भीक घालत नाहीत. पुढे डोंगर दिसू लागतात. उघडेबोडके का असेनात, कोकणातल्या माणसाला डोंगर दिसला की बरं वाटतंच.

"इज मामा गोइंग टू फाइट अगेन?" मागून लेकीने विचारलं.

"हो, पण हात न उगारता."

कारखान्याच्या कामगार कॅम्पच्या मेसमध्ये गावची वीसेक माणसं जमली होती. मत त्यांच्यापैकी कुणीच देणार नव्हतं. मतं गावी आया-बायकांकडे. म्हणून प्रत्येकाने कॅसेटवर घरच्यांना सांगायचं, की दत्ताला निवडून द्या. ती कॅसेट घेऊन दादा गावी जाणार आणि वाडीवाडीत वाजवणार. सगळे बोलले, एक राजाराम सोडून. खालची वाडी त्याच्या शब्दाबाहेर नाही, आणि त्याचं नाक अजून वाकडं होतं. शिमग्यात पालखीला आधी खांदा कुणाचा, या भांडणात दादानेच ते फोडलेलं.

"माझ्या आईदेखत मारलंस," राजाराम म्हणाला. "माफी माग."

"मागितली, बाबा."

"मला नको. आईकडे माग. ह्याच्यात." त्याने टेपकडे बोट दाखवलं.

अख्खा गाव ऐकणार! दादाचे कान लाल झाले. उठून जातो की काय, असं वाटलं. तरी मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"काकी, मी दत्ता. तुमच्यासमोर तुमच्या पोराला मारलं. माझं चुकलं." एवढं बोलून त्याने कपाळाचा घाम पुसला.

राजारामने टेप जवळ ओढला. "आये, मत ह्यालाच दे. वाडीतही सांग." मग सगळ्यांनी मिळून सुरमईची आमटी आणि भात चापला. काय चव होती, आहाहा!

संध्याकाळी घरी परतताना लेक झोपली होती आणि मी एकटीच हसत होते. दादाने इतकी मेडलं आणली, पण मला त्याचा खरा अभिमान वाटला तो त्या दिवशी.

दोन महिन्यांनी फोन आला. दादा अकरा मतांनी निवडून आला होता.

"काकी काय म्हणाल्या रे?"

"म्हणाल्या, मत दिलंय. साकव झाला नाही तर कॅसेट पुन्हा लावीन."