पाय तर कोरडाच होता

नजर, करणी, बाहेरचं... असलं काही ऐकलं की माझं डोकंच सटकतं. माझी लेक गौरी जन्मली तीच उजवा पाय डाव्याहून जाड, वर जांभळे डाग, फुगलेल्या शिरा घेऊन. कुणी ग्रहण काढलं, कुणी शाप. सगळ्यांना झापलंय मी! डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं – जन्मजात आजार आहे, क्वचितच होतो. शीर फुटली तर रक्त लवकर थांबणार नाही. लगेच आडवं झोपवायचं, पाय उंच धरायचा, घट्ट दाबायचं आणि उघडून बघायचं नाही.

त्या दिवशी मी चिकलठाण्याला, कंपनीत पॅकिंगवर. गौरी शाळेतून येऊन गारखेड्यात शेजारच्या नसीमआपांकडे. दुपारी साडेतीनला माझ्या उजव्या बुटात एकदम ओलं, कोमट लागलं. बूट काढला, मोजा काढला... कोरडा ठणठणीत. परत घातला, परत ओलं! आपांना फोन लावला.

"टीव्ही बघतीय की पोरगी. तू कायकू घाबरती?"

तरी राहवेना. सुपरवायझरला म्हटलं, "ओरडायचं ते उद्या ओरडा, मी चालले."

स्कूटीवर अर्धा तास. आपांच्या दारात पाऊल टाकलं आणि बाथरूममधून किंकाळी – "आई गं!" मी आलेय हे तिला माहीतही नव्हतं. खाजतंय म्हणून तिनं डॉक्टरांनी शिरांसाठी दिलेला पायावरचा घट्ट मोजा उतरवला होता, नख लागून शीर फुटली. नुसती चिळकांडी! तिथंच फरशीवर झोपवलं, पाय माझ्या खांद्यावर घेतला, टॉवेल तळव्यानं दाबला. आपा रिक्षा आणायला पळाल्या.

"आई, मी मरते का गं?"

"मरतीस कशाला, येडे? मी हाय ना."

म्हटलं आणि टॉवेल अजून जोरात दाबला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लगेच दाबलंत म्हणून वाचली. मी विचारलं, मग सांगा, रक्त यायच्या अर्धा तास आधी मला ओलं कसं लागलं? ते हसून म्हणाले, आईची काळजी, दुसरं काय! अहो, काळजी तर रोजच असते... बूट रोज कुठं ओला लागतो?

मागच्या आठवड्यात शाळेची सहल पैठणला निघाली. मी नाहीच म्हणत होते. गौरीनं खाली बसून माझा उजवा तळपाय चाचपला.

"कोरडाय की! मग जाऊ दे ना, आई."

जाऊ दिलं. ती परत येईपर्यंत कंपनीत मी सात वेळा बूट काढला.