कावळ्याची नक्कल

आजपण पितृपाखात कुणाच्या घरनं वड्यांचा वास आला की माझी मान खाली जाते. चाळीसेक वरसं झाली असतील. शाळेचं तोंड मी बघितलं नाय, पण नकला झकास करायचो.

नवरा मेलेल्या हिच्याशी मी पाट लावला, तेव्हा हिच्यासंगती सात वरसांची चंद्रा माझ्या घरी आली. पोर माझ्याशी अक्षर बोलत नसे. पितृपाखात तिनं हट्टानं आपल्या बापासाठी परसात पान ठेवलं नि उपाशीच बघत बसली. दुपार कलली तरी कावळा शिवेना.

मला वाटलं, आता पोरीला हसवतो. केळीआड लपलो नि काव काव केलं. दोन कावळे येऊन पानातला वडा टोचू लागले. मी शाणा, टाळ्या पिटत बाहेर!

"बघ चंद्रे, आणला की नाय?"

ती हसली नाय. "म्हंजे माजा बापूस आपणहून नाय आला? तुमी बोलावलात?"

"अगो, तोच आला," हिनं तिला पोटाशी धरलं. पोर जेवली नाय.

पुढच्या वरसी हिनं पान वाढलं, पण चंद्रा परसात आलीच नाय. वरसातनं एकदा बापूस तिला भेटायचा. तेवढापण मी हाकलला.