काकूंचं येणं-जाणं

मुलांनो, निजामाच्या राज्यात आम्ही सेलूला राहत होतो. शेजारी एक विधवा काकू एकट्याच राहत. त्यांच्या माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, तुळई भिंतीत नीट बसलेली नव्हती. त्या फटीतून खारी घरात शिरत आणि वातींचा कापूस घरट्यासाठी पळवत. आमच्याशी दारातून बोलता बोलता वर खुडबुड झाली, की काकू थांबत आणि म्हणत, "आल्या बाई!"

चैत्रात घरोघरी हळदीकुंकू असे. काकूंना कुणी बोलवत नसे आणि त्यांच्याकडेही कुणी जात नसे. तरी त्या वाटीभर हरभरे भिजवून तुळईखालच्या फळीवर ठेवत.

एकदा चैत्रातच माझ्यादेखत गवंडी माळवद पाहायला आला.

"काकू, लय मोठी फट हाय. खारी समदा कापूस न्यायल्यात. बुजवून टाकतो."

"बाकीचं बुजव. ती राहू दे."

"अन् पाऊस आत आला तर?"

"खाली पातेलं ठेवीन. माझ्याकडं येणं-जाणं हाय ते तिथूनच."

गवंडी हसला. मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सहज त्यांच्या उघड्या दाराची कडी वाजवली. काकूंनी आधी वर पाहिले.