नूडल्सवरचं झाकण

पहिला घास गिळला आणि काटा खाली ठेवला. समोर सुमन बसली होती. घास माझ्या तोंडात गेला तेव्हापासून ती डोळ्यांची पापणीही न हलवता माझ्याकडे बघत होती.

"कसं वाटलं, मॅडम?"

"सांगते," म्हटलं आणि दुसरी डिश पुढे ओढली. हाक्का नूडल्स एकमेकींना चिकटल्या होत्या. शेजवानची तीच गत. कोबीला उकडलेल्या भाजीचा वास येत होता आणि सूप कोमट होतं. बरं, मसाला चुकलेला नव्हता, मीठही बेतशीर होतं. म्हणजे बनवणाऱ्याला काम येत होतं, आणि तरीही जेवण पार फसलं होतं. असं जेवण मला वाईट जेवणापेक्षा जास्त चिडवतं.

मी आयुष्यभर हॉटेलांच्या किचनमध्ये काम केलं. आता निवृत्त होऊन महाळुंग्याला राहते आणि कुणाचं रेस्टॉरंट अडलं की जाऊन बघते. याला कन्सल्टन्ट म्हणायचं. माझ्या अकोल्याच्या बहिणीच्या भाषेत, दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवणाला नावं ठेवायची आणि वर मान घ्यायचा.

सुमन शेजारच्या भरे गावची सून. लवळ्याच्या रस्त्याला तिच्या सासऱ्यांचा गाळा आहे, तिथे तिने नूडल्सचं हे छोटं रेस्टॉरंट काढलं होतं. वर टेकडीवर मोठा कॅम्पस, हजारो पोरं, तेव्हा चालायला हरकत नव्हती. पण पोरं एकदा यायची आणि परत यायची नाहीत. ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये एकच शब्द सारखा दिसायचा: सॉगी. म्हणजे ओलसर, लिबलिबीत.

त्या दिवशी दुपारी कॅम्पसची मेस कमिटी जेवायला येणार होती. त्यांना आवडलं तर आत कँटीनशेजारी स्टॉल मिळणार होता. नाही आवडलं तर सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की गाळा टाइल्सवाल्याला द्यायचा. टाइल्सवाला माप घ्यायला त्याच दुपारी येणार होता.

"कुकचाच प्रॉब्लेम आहे ना?" सुमनने आवाज खाली आणला. "आजचं निभावलं की त्याला काढते."

कुक बिकाश, दार्जिलिंगकडचा. तो किचनच्या दारात उभा होता. मराठी त्याला फारशी कळत नसावी, पण हे कळलं असणार. तो मान फिरवून आत गेला.

मला एक गोष्ट मात्र खटकत होती. मी मुद्दाम चार डिश मागवल्या होत्या आणि चारही एकदम टेबलावर आल्या होत्या. ज्या किचनमध्ये भट्टी एकच, तिथे असं होत नाही.

मी उठून आत गेले. अशा वेळी मी ठरलेल्या क्रमाने जाते. आधी उकडलेल्या नूडल्स बघितल्या. एक तोडून पाहिली, मध्ये बारीकसा कच्चेपणा होता, म्हणजे बरोबर. निथळून तेलाचा हातही लावला होता. मग आग. चायनीजला लागते ती हाय प्रेशरची भट्टी, तिचा आवाज असा हवा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागेल. तसाच होता. मग वोक, म्हणजे ती खोलगट कढई. चांगली काळीभोर, वापरून मुरलेली.

"एक प्लेट बनाओ," मी बिकाशला म्हटलं. "सिर्फ एक."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कढईतून धूर निघाला, भाजी पडली, नूडल्स उडाल्या आणि बघता बघता प्लेट भरली. मी तिथेच भट्टीशेजारी उभ्याने खाल्लं. प्रत्येक नूडल सुटी. कोबी कुरकुरीत. धुराचा तो वास, ज्यासाठी लोक चायनीज खायला बाहेर जातात, तो पुरेपूर होता.

मला या माणसाचा राग आला होता, आता माझाच आला. "फिर बाहर क्या होता है?" मी विचारलं.

बिकाशने हनुवटीनेच खिडकीकडे खूण केली. किचन आणि हॉलच्या मधल्या या खिडकीला आम्ही 'पास' म्हणतो. आतला माणूस तिथे डिश ठेवतो आणि बाहेरचा उचलतो. डिश पासवर जितकी कमी थांबेल तितकं चांगलं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

मी त्याला आणखी एक प्लेट करायला लावली आणि बाहेर येऊन उभी राहिले.

पासच्या बाहेर स्टुलावर सुमनचे सासरे बसले होते. तात्या. पांढरी टोपी, धोतर, समोर ओळीने मांडलेली स्टीलची झाकणं. प्लेट खिडकीत आली. तात्यांनी ती अलगद उचलली, कडेला सरकवली आणि तिच्यावर झाकण ठेवलं.

"तात्या, हे काय करताय?"

"बाकीचं येऊ द्या की."

"बाकीचं कशाला? ही तयार आहे."

"मॅडम, टेबलावर चार मान्सं बसल्याली असत्यात. एकानं खायाचं आन् तिघांनी त्याच्या तोंडाकडं बघायचं, ही कुटली रीत? समद्यांची पानं झाली की येकदम वाढायचं."

मी झाकण उचललं. आतून पाणी टपकलं. एवढ्याशा वेळात नूडल्सना घाम फुटला होता. दोन-तीन डिश होईपर्यंत पहिलीचं काय होत असेल ते मी मघाशी खाल्लंच होतं.

सुमन मागे येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला. रोज डोळ्यांसमोर होत होतं, पण सासऱ्यांनी पाहुण्याचं पान झाकून ठेवणं तिला चूक वाटलंच नव्हतं. तिच्या माहेरीही हेच करत असणार.

मी तात्यांना समजावलं. वाफ, पाणी, कोबी, सगळं सांगितलं. मग विचारलं, "घरी भाकरी कशी खाता?"

"तव्यावरची."

"सगळ्यांच्या होईपर्यंत थांबता?"

"घरचं येगळं, पावन्याचं येगळं." त्यांनी झाकण माझ्या हातातून काढून घेतलं. "ल्हान हुतो तवा एका लग्नात पंगतीला बसल्यालो. आमच्या रांगंपातुर भात आलाच न्हाई. समोरची जेवून उठली, आन् मी मोकळ्या पत्रावळीकडं बघत बसल्यालो. माझ्या दारात कुनाचं तसं व्हायचं न्हाई. मग ते दुकान चालू दे न्हाईतर बंद पडू दे."

इतकी वर्षं मी भल्याभल्या शेफना गप्प केलं आहे, पण मोकळ्या पत्रावळीपुढे माझी अक्कल चालेना.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. कमिटी. एक वॉर्डन बाई, एक ॲडमिनचे साहेब आणि तीन विद्यार्थी. साहेब खुर्चीवर टेकायच्या आतच घड्याळ बघत म्हणाले, "वेळ कमी आहे. लवकर होईल ना?"

"हो सर," सुमन म्हणाली. पाच माणसं, एक भट्टी, आणि पासवर तात्या झाकणं घेऊन बसलेले. तिने माझ्याकडे बघितलं. सासऱ्यांना उठवायची तिची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती.

पंगत डोक्यात घोळत होती म्हणून असेल, मी एकदम विचारलं, "तात्या, पंगतीत वाढपी एकाचं पान पुरतं भरून मग दुसऱ्याकडे जातो का?"

"छ्या. समद्यांना थोडं थोडं. मंग दुसरी फेरी."

"मग तसंच करू. पाचही जणांपुढे रिकाम्या प्लेट मांडा. कढई उतरली की मोठ्या बाऊलमध्ये घ्यायचं आणि सगळ्यांना पळी-पळी वाढायचं. तेवढ्यात आत पुढची कढई होईल. पण झाकण नाही."

तात्यांनी हातातलं झाकण ओळीत ठेवलं. हॉलमध्ये साहेब खुर्ची मागे सरकवत होते.

"वाढनार कोन?" तात्यांनी विचारलं.

"तुम्ही."

त्यांनी टोपी नीट केली आणि उठले. मी आत ओरडले, "बिकाश, दो प्लेट का माल, बस. फिर दूसरा."

रिकाम्या प्लेट समोर आल्या तेव्हा वॉर्डन बाईंनी साहेबांकडे बघितलं. सुमन भिंतीला टेकून उभी होती. मग तात्या बाऊल घेऊन आले. वाकून, टोकापासून टोकापर्यंत, प्रत्येकाला सारखं. शेवटच्या पोराला वाढून झालं तरी बाऊलमधून वाफ येतच होती.

साहेबांनी घास घेतला. चावला. पुन्हा घेतला. घड्याळ बघितलं नाही.

दुसरी फेरी शेजवानची. तिसऱ्या फेरीला साहेब म्हणाले, "पुरे, पुरे." तात्यांनी पुरे हा शब्द जन्मात ऐकलेला नसावा. "एवढं खाऊन काय हुतंय," म्हणत त्यांनी वाढलंच. पोरं हसायला लागली.

शेवटी साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. "चव उत्तम आहे. एक प्रश्न आहे. आत स्टॉलवर आम्ही सगळं बॉक्समध्ये पॅक करून देतो. आधी बनवून ठेवायचं. जमेल?"

सुमनच्या ओठांवर 'हो' आलं होतं. मी मध्ये बोलले. "नाही जमणार. बॉक्समध्ये याच नूडल्स सॉगी होतील. मग तक्रारी तुमच्याकडे येतील."

साहेबांनी माझे आभार मानले. खरं बोलणाऱ्याचे मानतात तसे, कोरडे. स्टॉल देता येणार नाही म्हणाले आणि सगळे उठले.

सुमन माझ्याकडे न बघता प्लेट गोळा करायला लागली. डोळे भरले होते. "तुम्हाला कुणी विचारलं होतं, मॅडम?" एवढंच म्हणाली. मला वाईट वाटलं. पण दुसऱ्यांदा विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं.

टाइल्सवाला केव्हाचा पायरीवर टेप घेऊन उभा होता. कमिटी गेलेली बघून तो आत शिरला आणि टेपचं टोक दाराशी लावलं.

"ए बाबा, टेप गुंडाळ," तात्या म्हणाले. पळी अजून त्यांच्या हातातच होती. "जागा द्यायची न्हाई."

सुमन थांबली. "तात्या, स्टॉल नाही मिळाला."

"ऐकलं मी. पर ती तीन पोरं जाताना काय म्हनली? संध्याकाळी दोस्तांना घिऊन येतो म्हनली." ते टाइल्सवाल्याकडे वळले. "जागा तुला दिल्यावर त्यांना वाढायचं कुनी?"

रेस्टॉरंट अजून चालू आहे. झाकणं सुमनने घरी नेली. बिकाश तिथेच आहे, आणि तात्या संध्याकाळी पोरांना तिसरी फेरी नको असली तरी वाढतात.

हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना आम्ही शिकवतो की किचनचा बॉस शेफ असतो. आमच्या भागात तसं असेलच असं नाही. आधी बॉस कोण ते शोधावं. सापडला की त्याला समजावत बसू नये, त्याच्या हातात पळी द्यावी.