उलटा पदर

"साहेब, लुगडं नवं हाय. कोरं करकरीत. लिवा तुमी नवं म्हनून."

मी टाक खाली ठेवला आणि वर बघितलं. नाक्यावरच्या नोकरीत असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आधी नाका म्हणजे काय ते सांगतो. तेव्हा निजामाचं राज्य. सोलापूर इंग्रजांच्या हद्दीत, आम्ही निजामाच्या. हद्द ओलांडून आणलेल्या मालावर जकात लागायची, तिला करोडगिरी म्हणायचे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या अलीकडं आमचा नाका होता आणि मी तिथं मुन्शी, म्हणजे लिहिणारा. छापील फॉर्म उर्दूत. त्यात दोन रकाने, नया आणि पुराना. नव्या मालाला ड्यूटी, वापरलेल्याला माफी. त्यामुळं येणारा प्रत्येक माणूस शपथेवर सांगायचा की माल जुना आहे. दिवाळीत तर विचारूच नका. बायका दोन-दोन लुगडी एकावर एक नेसून यायच्या. गडी कोऱ्या धोतराला माती चोळायचे. एकानं नव्या तांब्याला चुलीची काजळी फासली आणि आजीचा म्हणून माझ्यापुढं ठेवला. हात लावला तर माझीच बोटं काळी झाली. असले लोक पकडण्यात मी लई तरबेज होतो. निदान माझी तशी समजूत होती.

त्या दिवशी पाडवा होता. सकाळी बायकोनं ओवाळलं तेव्हा तिच्या ताटात मी इरकली लुगडं टाकलं होतं, रेशमी पदराचं. मागच्या आठवड्यात सरकारी कामानं सोलापूरला गेलो होतो, तेव्हा आणलेलं. त्या ऐटीतच मी नाक्यावर येऊन बसलो होतो. थोड्या वेळानं सोलापूरची पहिली मोटार आली. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. उतारू उतरले ते खोकतच. त्यात हा गडी, नाव निवृत्ती. कळंबकडचा शेतकरी, बहिणीकडं उमरग्याला निघालेला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज.

मी म्हणालो, "अरे, नवं लिहिलं तर ड्यूटी भरावी लागेल. कळतंय का?"

"भरतो की. पन भनीला पयल्या दिवाळीला जुनं नेलं, असं कागदावर नगं."

त्यानं आपणहून सगळं सांगितलं. आईबाप गेलेले, त्याच्यामागं एकटी बहीण. तिचा सासरा उमरग्यातला कापडदुकानदार. शेतकऱ्याची पोरगी दुकानदाराच्या घरात पडली म्हणून सासू येताजाता तिचं माहेर काढायची. भाऊबीजेला चार बायका बोलावून माहेरचं लुगडं सगळ्यांसमोर उलगडायचं, अशी त्या घरची रीत. म्हणून हा मुद्दाम वाट वाकडी करून सोलापूरला गेला होता. चांगलं कापड तेव्हा दुकानात मिळायचं नाही. एका मोठ्या दुकानाच्या पायरीवर एक गोड बोलणारा माणूस बसलेला असतो, त्यानं गुपचूप दिलं म्हणाला.

ती पायरी मलाही माहीत होती. कशी, ते पुढं येईलच.

मी नया रकान्यात टाक टेकवला, तेवढ्यात मागून हात आला आणि लुगडं उचललं गेलं. शांतव्वा होत्या. बायकांचं सामान तपासायला नाक्यावर एक बाई असायची, त्या या. वय साठीपुढचं, अंगानं काटकुळ्या. माहेर कानडी मुलखातल्या इरकलचं, घरात माग. लग्न होईपर्यंत लुगडी विणलेली. त्यांनी पदर आणि अंग जिथं जुळतं तिथून अंगठा फिरवला. लुगड्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. अंगठा थांबला, परत फिरला.

"मुन्शी, नवं लिवू नका."

"का?"

"निम्मं जुनं हाय."

मी हसलो. निवृत्ती हसला नाही. शांतव्वांनी लुगडं उलटं केलं आणि नखानं खळ खरवडली. खळीखाली सुईची शिवण निघाली. मग त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितलं. इरकलीचा पदर शिवत नाहीत. पदराचे रेशमी उभे धागे अंगाच्या धाग्यांत एकेक करून अडकवतात, कडी कडीत अडकवावी तसे. त्याला कोंडी म्हणतात. बोट फिरवलं की बारीक दाते लागतात. रेशमी पदर टिकतो, सुती अंग आधी विरतं. लबाड लोक विरलेल्या लुगड्यांचे पदर कापून घेतात, नव्या गिरणीच्या कापडाला जोडतात आणि शिवणीवर खळ चोपडतात. दोन धुण्यांत खळ गेली की सगळं उघडं पडतं.

"सासू कापडवालीच ना?" शांतव्वांनी विचारलं. "मग तिला धुण्याची बी वाट बघावी लागायची न्हाय."

निवृत्तीनं स्वतः शिवण चाचपून बघितली. मला त्याच्याकडं बघवेना. हजारो लुगडी माझ्या हाताखालून गेली होती, पण मी आयुष्यात एकदाही एखादं उलटं करून बघितलं नव्हतं. मी नवं-जुनं बघायचो, खरं-खोटं बघणं माझ्या कामात बसत नव्हतं. आणि ही बाई तिथंच चार हातांवर बसायची, तिला आम्ही कधी काही विचारलं नाही.

निवृत्ती म्हणाला, परत जाऊन काय उपयोग, तो माणूस कानावर हात ठेवील. त्यावर शांतव्वा माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, ह्याला कागद लिहून द्या, शिक्क्याचा. मी म्हणालो, काय लिहू? फॉर्मात निम्म्या जुन्याला रकाना कुठंय? आमचं बोलणं ऐकून नाकेदारसाहेब बाहेर आले. साहेब शिस्तीचे, हैदराबादकडचे, अक्षराला अक्षर लावून रिपोर्ट वाचणारे. मला वाटलं, आता आपली शोभा होणार. त्यांनी शिवण बघितली, शांतव्वांना दोन प्रश्न विचारले आणि मला म्हणाले, "जो है सो लिखो मुन्शीजी. पल्लू पुराना, बाकी नया. मोहर मैं मारता हूँ."

मी लिहिलं. साहेबांनी दाबून मोहर मारली. खरं सांगतो, आमच्या शिक्क्याला सोलापुरात काडीची किंमत नव्हती. राज्यच वेगळं. साहेबांना ते माहीत होतं, मलाही होतं. पण चिठ्ठीत खोटं असं काहीच नव्हतं. शांतव्वांनी निवृत्तीचा अंगठा धरून स्वतःच्या नेसत्या लुगड्याच्या कोंडीवरून फिरवला. "ध्यानात ठेव तम्मा. दुकानदार सुलटं दाखवील, तू उलटं माग." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. कोष्ट्यांच्या आळीत कुणाचं दार वाजवायचं तेही सांगितलं आणि दुपारच्या मोटारीनं त्याला परत धाडलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीतून तो उतरला. पायरीवरच्या माणसाला उर्दू वाचता येत नव्हतं. चिठ्ठी त्यानं आधी उलटीच धरली. गोल शिक्का दिसला आणि निजामाचे लोक मागावर आहेत असं समजून त्यानं मुकाट पैसे काढून दिले. ते घेऊन निवृत्ती कोष्ट्यांच्या आळीत गेला होता. नवं लुगडं त्यानं माझ्या टेबलावर आपणच उलटं पसरलं. शांतव्वांनी अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

"आता लिवा नवं," तो म्हणाला. मी लिहिलं. नोकरीत इतक्या आनंदानं ड्यूटी भरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

चार दिवसांनी परत जाताना तो शांतव्वांसाठी मुद्दाम नाक्यावर आला. सासूनं चार बायकांत पदर उलटा केला होता, बोट फिरवलं होतं आणि घडी घालून सुनेच्या हातात दिली होती. त्या दिवशी तिनं माहेर काढलं नाही. बहीण आत जाऊन रडली म्हणे, पहिल्यांदाच सुखानं. शांतव्वांनी पाठ फिरवून उगाच कुणाचं तरी बोचकं सोडायला घेतलं.

आता ती पायरी मला कशी माहीत, ते. पाडव्यालाच दुपारी घरी गेलो, बायकोचं लुगडं मागितलं आणि उलटं केलं. शिवण. तोच माणूस, तीच पायरी. बायको शांतपणे ताट वाढत होती.

"मला घडी मोडतानाच कळलं व्हतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगत व्हता ना, हजारो लुगडी हाताखालनं गेली म्हनून. म्हटलं, बोलू द्यावं सणाचं."

माझ्या लुगड्यासाठी मात्र मी चिठ्ठी लिहिली नाही. मोहर मागायला साहेबांपुढं कुठल्या तोंडानं जाणार? बायकोनं ते निमूट वापरलं. दोन वर्षांत अंग विरलं. जुना पदर मात्र अस्सल होता, तो तिनं कापून ठेवला. त्यानंतर दिवाळीची खरेदी तिनं केली. पिशवी मी धरायचो.