गिलास मॅडमची लाडकी चूक

आमच्या गिलास मॅडमच्या पर्समध्ये कंगवा नसे, आरसा नसे. नॅपकिनमध्ये गुंडाळलेले दोन काचेचे गिलास मात्र हमखास असत. एक उंच नि सडपातळ, दुसरा बुटका नि ढेरपोट्या. वाशिमच्या आमच्या डी.एड. कॉलेजात त्या बालमानसशास्त्र शिकवायच्या. लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, नाहीतर पोहरादेवीच्या यात्रेत, कुठेही चार-पाच वर्षांचं पोर दिसलं की मॅडम तिथेच बसकण मारायच्या. बुटक्या गिलासातलं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत उंच गिलासात ओतायच्या नि विचारायच्या, "सांग बरं बाप्पा, आता पानी जास्त झालं का तेवढंच हाय?" पोर ठासून सांगायचं, "जास्त झालं." भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, हे उमजायला सहा-सात वर्षांचं व्हावं लागतं. पण शेजारी उभी असलेली आई ओशाळायची, पोराला कोपरानं ढोसायची. मॅडम तिचा हात धरायच्या. "राहू दे माय. ही चूक नाई, हे वय हाय."

हे त्यांचं आवडतं वाक्य. वर्गात त्या पुस्तकी मराठीत सुरुवात करायच्या, पण सिद्धांत अंगात आला की वऱ्हाडीवर उतरायच्या. लहान मुलाला दुसऱ्याच्या नजरेनं जग बघता येत नाही, हे शिकवताना त्या टेबलाखाली घुसल्या, पाय बाहेर ठेवले आणि डोळे झाकून घेतले. "मले तुमी दिसून नाई राह्यले, म्हंजे मीबी तुमाले दिसून नाई राह्यली." नेमके तेव्हाच प्राचार्य दारात आले. आम्ही 'नमस्ते सर' म्हणत उठून उभे राहिलो. टेबलाखालून शांत आवाज आला, "या सर, बसा. आमचं वय सध्या तीन वर्षं चालू आहे." बिचारे प्राचार्य आल्या पावली परत गेले.

एकदा त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कच्चं लिंबू'. लंगडीच्या खेळात धाकट्या भावंडाला घ्यावंच लागतं. ते पळतं, धडपडतं, पण त्याला कोणी बाद करत नाही, ते कच्चं लिंबू. मॅडम म्हणाल्या, "आधार देऊन शिकवनं म्हंजे हेच. खेळात घ्या, बाद करू नका, अन् तयार झालं का त्याचं लिंबूपन काढा." पुस्तकात यावर दोन पानं होती. ती मी आजतागायत वाचलेली नाहीत.

माझा पहिला सराव पाठ किन्हीराजा गावच्या शाळेत होता. पोरांकडे वळले आणि तोंडातून शब्दच फुटेना. मॅडम मागच्या खुर्चीवर निरीक्षणाला होत्या. त्या उठल्या, पोट्ट्यांमध्ये मांडी घालून बसल्या आणि हात वर केला. "बाई, मले वजाबाकी येतच नाई." वर्ग खिदळला, मीही हसले आणि त्या हसण्यात माझी वाचा परत आली. बाहेर पडताना त्या एवढंच म्हणाल्या, "आज तू कच्चं लिंबू होती. उद्या नाई." आज मी स्वतः पहिलीचा वर्ग सांभाळते, त्यामागे ती वजाबाकी आहे.

पुढे माझी जुई झाली. गोड, हसरी, पण सव्वादोन वर्षांची झाली तरी बोलेना. सासूबाई म्हणायच्या, "बोलन ना. तिचा बापबी उशिराच बोलला." नवरा तर माझंच शस्त्र माझ्यावर चालवायचा. "तुझ्याच मॅडम सांगतात ना, हे वय हाय." मलाही ते पटवून घ्यायला बरंच वाटायचं.

एका रविवारी मॅडम घरी आल्या. जुई आमच्याकडे पाठ करून ठोकळे रचत होती. मॅडम सवयीनं गिलास काढत होत्या, तेवढ्यात उंच गिलास हातातून निसटला आणि फरशीवर खळकन फुटला. सासूबाई दचकल्या, माझ्या हातातला चहा सांडला. जुईनं पुढचा ठोकळा उचलला नि नीट बसवला.

मॅडमनी काचांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या जुईच्या मागे गेल्या, टाळी वाजवली. बुटक्या गिलासावर चमचा वाजवला. जुई आपली ठोकळ्यांत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, हे वय नाई. उद्याच अकोल्याले जा, हिचे कान तपासून घे."

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. जगातल्या सगळ्या लेकरांना माफ करणारी बाई, आणि माझ्याच लेकराच्या वेळी 'हे वय नाई' म्हणते? रात्रभर त्यांच्याशी मनातल्या मनात भांडले. सकाळी मात्र अकोल्याची गाडी पकडली.

कानाचं मशीन लागलं. मग दर आठवड्याला अकोला, बोलायला शिकवणाऱ्या ताई, घरी आरशासमोर बसून 'पापा, बाबा, मामा'. मॅडम अधूनमधून यायच्या, पण गिलास पर्समध्येच असायचा. जोडच फुटली होती ना. जुईचा पहिला शब्द 'दे' होता. तो ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि तिला मागेल ते दिलं.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला जायला निघाल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा मी बाजारातून मुद्दाम शोधून आणलेला उंच गिलास त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, पर्समधून बुटका काढला. जुई आता साडेचार वर्षांची होती. पाणी बुटक्यातून उंच गिलासात गेलं. जुई ते टक लावून बघत होती. मॅडम उठून तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या, तिला ओठ दिसणार नाहीत अशा, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "सांग बरं जुई, आता पानी जास्त झालं का तेवढंच हाय?"

जुई गर्रकन मागे वळली. "जास्त झालं," ती ठासून म्हणाली.

नवरा तिची चूक सुधारायला पुढे झाला. मी त्याचा हात धरला. मॅडम खाली बसल्या होत्या, गिलासाचा नॅपकिन डोळ्यांना लावून हसत होत्या.

"चुकली," त्या म्हणाल्या. "बरोब्बर चुकली पोट्टी."